शस्त्रक्रिया मुंबईत, उभे राहणे कैनाडमध्ये

अवयव प्रत्यारोपणाची बातमी बहुधा ठरावीक वळणाने येते. मेंदूमृत रुग्णाच्या नातलगांनी दाखविलेले मनाचे मोठेपण, पोलिसांनी मोकळा करून दिलेला रस्ता, मिनिटांच्या हिशेबाने धावलेली रुग्णवाहिका आणि शेवटी शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याची डॉक्टरांची घोषणा. काही दिवसांनी रुग्ण पुष्पगुच्छ घेऊन घरी जातो आणि बातमी तेथेच संपते. रुग्णाच्या दृष्टीने मात्र मोठे काम अजून शिल्लक असते. नवे मूत्रपिंड, यकृत वा हृदय ज्या शरीरात बसविले, ते शरीर महिनोन्महिने आजाराने झिजलेले असते. त्या शरीराला पुन्हा उठते, चालते आणि कामाला लागते करणे, हे काम भौतिकोपचाराचे, म्हणजेच सर्वांच्या परिचयाच्या फिजिओथेरपीचे आहे.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या रुग्णाला या उपचाराची सोय घराजवळ सापडू शकते. डहाणू तालुक्यातील कैनाडसारख्या गावातील रुग्णाचे काय, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. कैनाड हे पाड्यापाड्यांत विखुरलेले, प्रामुख्याने आदिवासी वस्तीचे गाव. डहाणू रोड ते चर्चगेट हे रेल्वेचे अंतर १२४ किलोमीटर. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि मुंबईचे रुग्णालय एका दिवसात गाठून परत येणे शक्य झाले. परंतु टाके ओले असताना, गर्दीतील प्रत्येक खोकला धोक्याचा असताना, हा प्रवास आठवड्यातून दोन-तीनदा करणे आजही शक्य नाही. प्रत्यारोपणाच्या धोरणातील एक मोठी उणीव या अंतरात दडलेली आहे. शस्त्रक्रिया गरिबाच्या आवाक्यात आणण्यासाठी शासनाने बरेच काही केले. शस्त्रक्रियेच्या अलीकडचे आणि पलीकडचे महिने मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडले.

एकाच आवारातील दोन प्रारंभ

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासातील एक योगायोग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. परळच्या केईएम रुग्णालयात १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिली भौतिकोपचार शिक्षण संस्था सुरू झाली. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना उभे करणे, ही तेव्हाची निकडीची गरज होती. त्याच रुग्णालयात १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातील पहिली अशी शस्त्रक्रिया केली, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. डॉ. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. मुंबईत यशस्वी हृदय प्रत्यारोपण होण्यास २०१५ चा ऑगस्ट उजाडावा लागला. पुण्यातील दात्याचे हृदय तेव्हा मुलुंडच्या रुग्णालयात आणून एका तरुणावर बसविण्यात आले.

मधल्या काळात बरेच बदलले. शरीराने परका अवयव नाकारू नये यासाठी सायक्लोस्पोरिनसारखी परिणामकारक औषधे १९८० च्या दशकात रूढ झाली. १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता मिळाली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे विभागीय समन्वय समित्या उभ्या राहिल्या. देशात २०१३ मध्ये सर्व मिळून ४,९९० प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ मध्ये ती संख्या १८,३७८ वर गेली. म्हणजे दहा वर्षांत साडेतीन पटींहून अधिक वाढ झाली.

शस्त्रक्रियांची ही वाढ मोजली जाते, कारण प्रत्येक प्रत्यारोपणाची नोंद करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर किती रुग्ण सहा महिन्यांत स्वतःच्या पायांनी कामावर गेले, याची नोंद कोणत्याही रकान्यात ठळकपणे दिसत नाही. केईएमच्या आवारात सुरू झालेल्या दोन शाखांपैकी एकीला प्रसिद्धी मिळाली. दुसरी तिच्या मागे, आवश्यक परंतु अदृश्य, अशी राहिली.

तयारी आधीपासून

भौतिकोपचार म्हणजे शस्त्रक्रियेनंतर हातपाय हलविण्याचा व्यायाम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यारोपणाच्या बाबतीत ती अपुरी ठरते. येथे उपचाराची सुरुवात शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी व्हावी लागते.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. रक्तक्षय, भूक मंदावणे, आहारावरील बंधने आणि सततचा थकवा यांमुळे त्याचे स्नायू झिजत जातात. डायलिसिसचा दिवस खुर्चीत जातो आणि पुढचा दिवस अंथरुणात. यकृत आकसलेल्या रुग्णाचे पोट पाण्याने फुगलेले असते. त्यामुळे वजनकाटा फसवतो आणि दंड-मांड्या वाळल्याचे उशिरा लक्षात येते. फुफ्फुसाच्या रुग्णाला चालताना धाप लागते म्हणून तो चालणे टाळतो, टाळल्याने स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे धाप आणखी वाढते.

हे दुबळेपण मोजण्याच्या कसोट्या साध्या आहेत. सपाट मार्गिकेत सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून किती वेळा उठतो-बसतो, मुठीची पकड किती आणि एका पायापुढे दुसरा पाय ठेवून किती सेकंद तोल सांभाळतो, एवढ्यावर बराच अंदाज बांधता येतो. यकृताच्या रुग्णांसाठी मुठीची पकड, खुर्चीवरून उठणे आणि तोल या तीन गोष्टींचा एकत्रित निर्देशांकही वापरला जातो. फार दुबळ्या रुग्णाला शस्त्रक्रियेत आणि नंतर अधिक धोका असतो. म्हणून कधी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते, कधी रुग्ण प्रतीक्षायादीत बसू शकत नाही. अशा वेळी मांडीचे स्नायू आणि श्वासाची ताकद हीच यादीत प्रवेश मिळण्याची अट होऊन बसते.

पूर्वतयारीत शिकविल्या जाणाऱ्या गोष्टी अवघड नाहीत. दीर्घ श्वसन, नळीतून श्वास ओढून तीन चेंडू वर उचलण्याच्या उपकरणाचा सराव, पोटाशी उशी धरून खोकण्याची रीत, कुशीवर वळून उठण्याची पद्धत, रोजचे मोजून चालणे आणि मांड्या-दंडांसाठी हलक्या वजनाचा व्यायाम. डायलिसिस चालू असतानाच, पहिल्या दोन तासांत, पायांनी पेडल मारण्याचा व्यायामही अनेक देशांत दिला जातो. मात्र प्रत्येक आजाराचे पथ्य वेगळे आहे. अन्ननलिकेतील रक्तवाहिन्या फुगलेल्या यकृतरुग्णाने श्वास कोंडून जड वजन उचलणे घातक ठरू शकते. डायलिसिससाठी हातात तयार केलेल्या फिस्टुलावर दाब पडू द्यायचा नसतो. म्हणूनच शेजाऱ्याने सांगितलेला किंवा मोबाइलवर पाहिलेला व्यायाम येथे चालत नाही.

मेंदूमृत दात्याचा अवयव कधी मिळेल, हे सांगता येत नाही. बोलावणे मध्यरात्रीही येऊ शकते. नातलग दाता असेल तर तपासण्या आणि कायदेशीर मंजुरी यांत काळ जातो. दोन्ही बाबतींत हा काळ केवळ वाट पाहण्यात जातो. कैनाडच्या रुग्णासाठी तो तयारीचा काळ होऊ शकतो. पण त्यासाठी त्याला तयारी शिकविणारे कोणीतरी डहाणूत भेटले पाहिजे.

पहिला दिवस ते सहावा महिना

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने अंथरुणात पडून राहावे, हा जुना समज वैद्यकशास्त्राने केव्हाच मागे टाकला आहे. अतिदक्षता विभागातील निश्चल दिवसांत स्नायू झपाट्याने झिजतात, फुफ्फुसाच्या तळाशी कफ साचतो, पायांच्या शिरांत गुठळ्या होण्याची भीती असते. त्यामुळे प्रकृती स्थिर असल्यास मूत्रपिंडाच्या रुग्णाला दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसविले जाते आणि लवकरच वॉर्डात चालविले जाते. घोटे वरखाली करणे, दीर्घ श्वास, उशी धरून खोकणे. आधी शिकलेले सारे येथे उपयोगी पडते. वेदनेच्या गुंगीत नव्याने शिकणे कठीण असते, हे पूर्वतयारीचे आणखी एक कारण होय.

अवयवागणिक वाट बदलते. मूत्रपिंड बहुधा ओटीपोटाच्या एका बाजूस, जांघेच्या वर बसविले जाते. त्या जागी ताण वा मार बसू नये याची काळजी घ्यावी लागते. यकृताच्या शस्त्रक्रियेत पोटावरचा छेद मोठा असतो आणि पोटाचे स्नायू पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागतो. हृदयासाठी छातीचे हाड उभे कापले जाते. ते जुळेपर्यंत हातांवर भार देऊन उठणे वर्ज्य असते.

हृदय प्रत्यारोपणात आणखी एक विशेष बाब आहे. दात्याच्या हृदयाच्या मज्जातंतू काढतानाच तुटतात. मेंदूचा थेट निरोप न मिळाल्याने नव्या हृदयाचे ठोके चालू लागताच वाढत नाहीत. रक्तातील संप्रेरकांची पातळी वाढल्यावर, काही मिनिटांनी ते वाढतात आणि थांबल्यावर सावकाश उतरतात. म्हणून या रुग्णाने सुरुवात आणि शेवट दोन्ही संथ ठेवावे लागतात. नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेणे त्याच्यासाठी भरवशाचे नाही. चालताना बोलता येते, पण गाता येत नाही, इतपत धाप ही त्याची सोपी खूण.

हाताच्या प्रत्यारोपणात तर भौतिकोपचार हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो. भारतात असे पहिले प्रत्यारोपण २०१५ मध्ये कोचीत झाले. मुंबईत २०२० मध्ये, रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या तरुणीला चेन्नईतील दात्याचे हात परळच्या रुग्णालयात बसविण्यात आले. जोडलेल्या हातात मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढत जातात. बोटे हलण्यापूर्वी महिनेच्या महिने सांधे आखडू न देणे, स्नायूंना काम शिकविणे, हे रोजचे तासन्‌तासांचे कष्ट असतात. शल्यचिकित्सकांचे काम एका रात्रीत संपते. तो हात पेला उचलू लागतो तो या कष्टांमुळे.

शिवाय जी औषधे अवयव वाचवितात, तीच स्नायूंना आणि हाडांना महागात पडतात. स्टेरॉइडमुळे मांड्या आणि खांद्यांचे स्नायू दुबळे होतात, हाडे ठिसूळ होतात. वजन आणि रक्तशर्करा वाढते. ही औषधे थांबविता येत नाहीत. त्यांचे दुष्परिणाम आटोक्यात ठेवण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे नियमित आणि योग्य मात्रेतील व्यायाम. अर्थात व्यायामाविषयी अवास्तव दावे करण्याचे कारण नाही. व्यायामाने अवयव नाकारला जाणे थांबत नाही. तेथे औषधांना पर्याय नाही. चालण्याची क्षमता, स्नायूंची ताकद आणि जगण्याची प्रत सुधारते, असे आजवरचा अभ्यास सांगतो. अवयवाचे आयुष्य व्यायामाने किती वाढते, याचा निर्णायक पुरावा अद्याप पुढे यायचा आहे. तथापि, माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहणे हेही काही लहान फलित नव्हे.

हंडा, उंबरठा आणि चिखल

रुग्णालयातून निघताना मिळणारी सूचनापत्रिका शहरी घर गृहीत धरते. खुर्चीवर बसा, कमोड वापरा, सपाट जागेत चाला, पहिले काही आठवडे चार-पाच किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नका. पाड्यावरच्या घरात बसणे-उठणे जमिनीवर असते. शौचास उकिडवे बसावे लागते. घराबाहेरची वाट चढ-उताराची आणि पावसाळ्यात निसरडी. पाण्याने भरलेला एक हंडा बारा-पंधरा किलोंचा असतो. म्हणजे पत्रिकेतील मर्यादा पहाटेच्या पहिल्याच खेपेला मोडते.

कैनाडमधील एखाद्या भातशेती आणि मजुरीवर जगणाऱ्या माणसाचे प्रत्यारोपण झाले, असे क्षणभर गृहीत धरू. कचेरीतील नोकरदार तीनेक महिन्यांत टेबलाशी बसू शकतो. या माणसाचे काम म्हणजे वाकून भाताची लावणी, चिकूच्या वाडीत टोपल्या उचलणे, वीटभट्टी किंवा बांधकाम. नाकारप्रतिक्रिया दडपणाऱ्या औषधांमुळे चिखलातील आणि गोठ्यातील जंतुसंसर्गही त्याला अधिक धोक्याचा. त्याने कोणते काम कधी सुरू करावे, कोणते कायमचे सोडावे, ओझे डोक्यावरून घ्यावे की कमरेवर, हे सांगणारा सल्ला त्याच्या जगण्याशी जुळणारा हवा. भौतिकोपचार येथे व्यायामाच्या पलीकडे जाऊन पोटापाण्याचा प्रश्न होतो. काम सुटले तर औषधे सुटतात आणि औषधे सुटली तर मिळालेला अवयव हातचा जातो.

या हिशेबात दात्याला विसरून चालणार नाही. भारतातील बहुसंख्य प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या अवयवांवर होतात आणि या दात्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. आई किंवा पत्नी मूत्रपिंड देते आणि घरी येताच पुन्हा चुलीशी व पाणवठ्याशी उभी राहते. तीही एका मोठ्या शस्त्रक्रियेतून उठलेली असते. पोटाचे स्नायू भरून येण्यापूर्वी ओझे उचलल्यास तिला हर्निया किंवा कायमची पाठदुखी जडू शकते. रुग्णाची चौकशी सारे करतात. तिला व्यायाम आणि विश्रांती लिहून देणारा कागद बहुधा नसतो.

खर्चाच्या बाहेरचे महिने

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची अडीच लाखांची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने साडेचार लाख रुपये करण्यात आली. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून चालू आहे. अवयवासाठी नाव नोंदविताना असलेली अधिवासाची अट २०२३ मध्ये केंद्राने काढून टाकण्याची भूमिका घेतली. मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि डायलिसिससाठी प्रवास करणाऱ्यांना रेल्वेभाड्यात सवलत आहे.

या सर्व तरतुदींचा मध्यबिंदू मात्र रुग्णालयाची खाट आहे. खाटेवर येण्यापूर्वीचे तीन महिने आणि खाट सोडल्यानंतरचे सहा महिने त्यांच्या कक्षेत नीटसे येत नाहीत. शहरात भौतिकोपचाराच्या एका भेटीला शेकड्यांत पैसे मोजावे लागतात. मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. डहाणू-तलासरीचे अनेक रुग्ण वापी, वलसाड, सिल्व्हासा येथेही उपचारांना जातात. मग कागदपत्रे एका राज्यात, योजना दुसऱ्या राज्यात आणि रुग्ण या दोहोंच्या मध्ये, अशी स्थिती होते. सूचना इंग्रजीत वा गुजरातीत लिहिलेल्या. घरात बोलली जाते ती वारली.

पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळा झाला, तो आदिवासी भागाला प्रशासन जवळ यावे म्हणून. आता याच किनाऱ्यावर वाढवण बंदर उभे राहणार आहे, बुलेट ट्रेनचा मार्ग जिल्ह्यातून जात आहे. एवढ्या गुंतवणुकीच्या मानाने काही भौतिकोपचारतज्ज्ञांची पदे आणि त्यांना फिरण्यासाठी एक वाहन, ही मागणी नगण्य ठरावी.

शक्य आहे ते

यासाठी प्रत्यारोपण केंद्र डहाणूत आणण्याची गरज नाही. शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रातच व्हावी. तेथेच ती सुरक्षित होते. गाठ बांधायची आहे ती केंद्र आणि गाव यांच्यामध्ये. डहाणूत उपजिल्हा रुग्णालय आहे, तालुक्यात कासा येथेही उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. सासवंद येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. यांपैकी एका ठिकाणी आठवड्यातील एक ठरलेला दिवस प्रत्यारोपणाच्या आणि डायलिसिसच्या रुग्णांसाठी राखून ठेवता येईल. तेथील भौतिकोपचारतज्ज्ञाचा मुंबईच्या केंद्राशी थेट संपर्क असावा. ई-संजीवनी ही दूरसल्ल्याची शासकीय सेवा २०१९ पासून उपलब्ध आहे. तिचा उपयोग औषधांसाठी होतो, तसा व्यायाम तपासण्यासाठीही होऊ शकतो.

त्याहून खालच्या पातळीवर आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा कार्यकर्त्या आहेत. खुर्चीवरून उठण्याची कसोटी घेण्यास एक खुर्ची आणि घड्याळ पुरते. सहा मिनिटांच्या चालण्यास तीस मीटरची सपाट जागा लागते; ती शाळेच्या व्हरांड्यात किंवा मैदानात मिळते. ताप, लघवी कमी होणे, सूज, नव्याने लागलेली धाप वा जखमेतून पाणी आल्यास व्यायाम थांबवून तातडीने केंद्राला कळवावे, एवढी धोक्याची लक्षणे आशा कार्यकर्तीला शिकविणे अवघड नाही. सूचनापत्रिका चित्रांची आणि वारली बोलीतील ध्वनिफितीसह असावी. हंडा कसा उचलावा याचे चित्र त्या पत्रिकेत असावे; कमोडचे नसले तरी चालेल.

आर्थिक बाजूही हाताबाहेरची नाही. प्रत्यारोपणाच्या मंजूर रकमेतच शस्त्रक्रियेपूर्वीच्या आणि नंतरच्या ठरावीक भेटींचा खर्च बांधून दिल्यास रुग्णालयांना पाठपुराव्याची जबाबदारी घ्यावी लागेल. भौतिकोपचारतज्ज्ञांच्या व्यवसायाला २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्य सेवा व्यवसाय आयोग कायद्याने देशपातळीवर चौकट मिळाली आहे. ती चौकट ग्रामीण पदांनी भरणे, हे राज्याचे काम.

भाताचे रोप राबातून उपटून शेतात लावणे, ही कैनाडच्या शेतकऱ्याला दरवर्षीची गोष्ट. रोप लावले त्या दिवशी पीक आले, असे तो कधी मानत नाही. आधी राब भाजून जमीन तयार करावी लागते आणि लावणीनंतर रोपाने मूळ धरेपर्यंत बांधावर लक्ष ठेवावे लागते. अवयवाच्या बाबतीत शासन आणि समाज अजून लावणीचा दिवसच साजरा करीत आहेत. एका कुटुंबाने दुःखाच्या क्षणी दिलेला अवयव, त्यासाठी खर्ची पडलेले लाखो रुपये आणि डॉक्टरांचे कौशल्य, हे सारे पुढच्या सहा महिन्यांच्या दुर्लक्षाने पाड्यावरच्या एखाद्या खाटेवर वाया जाऊ द्यायचे काय, याचे उत्तर आरोग्य खात्याने द्यावयाचे आहे.